लायसन्स खिशात, तरी गाडीला हात लावायचा नाही

पावसाळ्यातल्या रविवारी मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे टाकत माळशेजकडे सुटलेल्या गाड्या पाहिल्या की वेगमर्यादेची पाटी नेमकी कुणासाठी लावली आहे, असा प्रश्न पडतो. शहापूर तालुक्यात तर आता मोकळा रस्ताच मिळाला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि कसारा घाटातल्या रांगांना कंटाळलेल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. वेग जास्त झालाच, तर मोबाईलवर ई-चलान येतं. तेही गाडीच्या मालकाच्या नावाने. स्टिअरिंगवर मेहुणा होता की मित्र, हे सहसा कुणी विचारत नाही. ‘लोकअदालतीत बघू’ म्हणून विषय मिटतो.

लंडनला किंवा टोरांटोला उतरून भाड्याची गाडी घेणाऱ्या मराठी पर्यटकाच्या डोक्यात हाच हिशेब असतो. तिथे तो चुकतो.

ब्रिटनमध्ये कॅमेऱ्याने वेग टिपला की नोटीस आधी गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला, म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपनीला जाते. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, हे २८ दिवसांत कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. कंपनी करारावरचं नाव-पत्ता कळवून टाकते आणि त्या कामाचं शुल्क आपल्या कार्डातून कापूनही घेते. मग दुसरी नोटीस थेट चालकाच्या घरच्या पत्त्यावर निघते. पर्यटक तोवर घरी परतलेला असतो आणि लिफाफा कपाटावर टाकून देतो. पण उत्तर न देणं हा तिथे वेगळा गुन्हा आहे, आणि त्याचे सहा दंडगुण पडतात, म्हणजे साध्या वेगभंगाच्या किमान तीन गुणांच्या दुप्पट.

हे गुण साठत जातात. तीन वर्षांत बारा झाले की साधारण किमान सहा महिने गाडी चालवण्यास मनाई होते. शेन वॉर्नचं उदाहरण बघा. २००८ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर राजस्थान रॉयल्सला पहिली आयपीएल जिंकून देणारा हा ऑस्ट्रेलियन कर्णधार लंडनमध्ये भाड्याच्या जॅग्वारमध्ये सापडला, तेव्हा त्याचा वेग होता ताशी ४७ मैल. मर्यादा ४० ची होती. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ६४ च्या जागी ७६. आपल्याकडे एवढ्याला कुणी वेग म्हणणारही नाही! पण त्याच्या नावावर आधीचे पंधरा गुण जमा होते. सप्टेंबर २०१९ मध्ये विम्बल्डनच्या न्यायालयाने त्याला बारा महिने गाडी चालवायला मनाई केली आणि वर सुमारे १,८०० पौंड भरायला लावले.

गुण साठायची वाट न पाहणारे देशही आहेत. न्यूझीलंडमध्ये मर्यादेपेक्षा ताशी ४० किलोमीटरहून जास्त वेगाने जाताना पोलिसाने धरलं, तर तो रस्त्यावरच २८ दिवसांसाठी परवाना निलंबित करतो. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ८० च्या आतल्या रस्त्यावर मर्यादा ४० ने ओलांडली, किंवा मोठ्या रस्त्यावर ५० ने, तर ३० दिवसांची बंदी आणि गाडी १४ दिवस जप्त. गाडी भाड्याची आहे म्हणून सुटत नाही. जप्तीचा, ओढून नेण्याचा आणि बुडालेल्या भाड्याचा खर्च कंपनी ग्राहकाकडूनच वसूल करते.

मग या बंदीचं करायचं काय? सगळ्यात आधी गाडी उभी करायची. ‘हॉटेलपर्यंत तरी नेतो’ हा मोह महागात पडतो. बंदी असताना गाडी चालवणं हा इंग्लंडमध्ये सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि अशा वेळी अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. म्हणून गाडी घेतानाच करारात दुसऱ्या चालकाचं नाव घातलेलं बरं. वरचे पैसे पडतात, पण उरलेली सहल बसथांब्यावर काढावी लागत नाही. त्यानंतर आदेशाची प्रत, बंदीच्या तारखा आणि दंडाची पावती जपून ठेवायची. परवाना पोलिसांनी ठेवून घेतला असेल, तर तो कुठे आणि कधी परत मिळेल हे तिथेच लिहून घ्यायचं.

आपल्या आरटीओकडून नमुना ४-अ भरून, हजार रुपये शुल्क देऊन मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना अशा वेळी ढाल ठरेल, अशी काहींची समजूत असते. तो एका वर्षाचा, आणि मुळात घरच्या परवान्याची ओळख पटवणारा कागद. १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली तो दिला जातो, आणि याच करारात बंदीची मर्यादाही ठरवलेली आहे. ज्या गुन्ह्यासाठी स्थानिक माणसाचा परवाना जातो, त्याच गुन्ह्यासाठी परदेशी चालकाचा हक्क काढून घेता येतो. परवाना ठेवून घेतला, तरी तो बंदी संपेपर्यंत किंवा चालक देश सोडेपर्यंतच, जे आधी होईल ते. बंदीची नोंद मात्र परवान्यावर करता येते, आणि तो देणाऱ्या कार्यालयाला चालकाचं नाव-पत्ताही कळवता येतो.

म्हणजे लंडनची बंदी कसारा घाटात आपोआप लागू होत नाही. उलट देशातल्या देशात मात्र पळवाट नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वेगभंगासाठी पोलीस लायसन्स जप्त करून परवाना अधिकाऱ्याकडे निलंबनासाठी पाठवू शकतात, आणि रस्ता सुरक्षेसाठीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ मध्येच अशा गुन्ह्यांना किमान तीन महिने निलंबनाची सूचना केली होती. निलंबनाची नोंद परवान्यांच्या देशव्यापी ‘सारथी’ प्रणालीत पडली, की गुजरातचा चालक असो की मुरबाडचा, राज्याची हद्द ओलांडून काही उपयोग नाही.

परदेशातली बंदी घरी दिसत नाही, म्हणून ती विसरायची चूक बरेच जण करतात. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात गुन्ह्यांविषयीच्या प्रश्नाखाली वाहन चालवण्याबद्दलची शिक्षा स्पष्ट लिहिलेली आहे, आणि त्यात वेगभंगामुळे झालेली बंदी उदाहरण म्हणूनच दिली आहे. तिथे ‘हो’ लिहून आदेशाची प्रत जोडली, तर अधिकारी त्या गुन्ह्याचा विचार करून निर्णय घेतो. जाणूनबुजून ‘नाही’ लिहिलं आणि पकडलं गेलं, तर फसवणुकीच्या कारणावरून दहा वर्षांपर्यंत व्हिसा नाकारला जाऊ शकतो. अर्ज एजंटाने भरला असला तरी खालचं प्रतिज्ञापत्र आपल्याच नावाने जातं, त्यामुळे ते पान पाठवण्याआधी स्वतः वाचायचं.