चिप नव्हती, पण लिनक्स सुरू झालं

एप्रिल २००३मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन हा ६४ बिटी प्रोसेसर बाजारात आला, तेव्हा त्यावर चालणारं लिनक्स तयार होतं. जर्मनीतल्या सुसे कंपनीच्या अभियंत्यांनी हे काम हाती घेतलं, तेव्हा मात्र ती चिप अजून बनलेलीच नव्हती. हाताशी होती ती प्रत्येक आज्ञेचा अर्थ सांगणारी कागदपत्रं आणि सिम्युलेटर, म्हणजे अख्ख्या संगणकाचं सोंग हुबेहूब वठवणारा एक प्रोग्रॅम.

सिम्युलेटरच्या आत प्रोसेसरचे रजिस्टर म्हणजे नुसते साठवून ठेवलेले आकडे असतात, मेमरी म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग आणि हार्डडिस्क म्हणजे एक फाइल. सिम्युलेटर मेमरीतून एक आज्ञा उचलतो, तिचा अर्थ लावतो, सांगितलेले बदल करतो आणि पुढची आज्ञा घेतो. ऑपरेटिंग सिस्टिमला उत्तरं बरोबर मिळत राहिली की पुरे; ती खऱ्या चिपमधून आली की प्रोग्रॅममधून, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

ती उत्तरं बरोबर देणं हेच अवघड. संगणक सुरू होताना आधी फर्मवेअर जागं होतं, मग बूटलोडर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, मेमरीत आणतो आणि कर्नल एकेका भागाची चौकशी सुरू करतो. उदाहरणार्थ, घड्याळाच्या दोन ठोक्यांमध्ये एक छोटं आवर्तन किती वेळा फिरतं, हे मोजून लिनक्स प्रोसेसरच्या वेगाचा अंदाज बांधतं. नकली प्रोसेसर रेंगाळत चालला आणि घड्याळ मात्र बाहेरच्या जगाप्रमाणे धावलं, तर हे गणित चुकतं. म्हणून अनेक सिम्युलेटर वेळसुद्धा आज्ञा मोजूनच पुढे सरकवतात.

या कष्टांचं मोल चुका शोधताना कळतं. खऱ्या यंत्रावर कर्नल सुरुवातीलाच कोसळला, तर समोर असतो काळा पडदा. सिम्युलेटरमध्ये अख्खं यंत्र हव्या त्या आज्ञेवर थांबवता येतं, प्रत्येक रजिस्टर उघडून बघता येतो आणि तीच चूक पुन्हा जशीच्या तशी घडवता येते.

किंमत मोजावी लागते ती वेगाची. २०१२मध्ये दिमित्री ग्रिनबर्ग यांनी ८ बिटी एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर ३२ बिटी एआरएम प्रोसेसरचं सोंग उभं केलं. त्याला मेमरीची जुनी पट्टी आणि एक एसडी कार्ड जोडलं आणि लिनक्स चालवलं. आज्ञा टाइप करण्याच्या पडद्यापर्यंत पोचायला सुमारे २ तास लागले आणि संपूर्ण उबुंटू सुरू व्हायला आणखी ४ तास.

वेग वाढवण्याचे मार्ग आहेत. फाब्रिस बेलार यांचा क्यूईएमयू हा सिम्युलेटर आज्ञांचे गट, तो स्वतः ज्यावर चालतो त्या संगणकाच्या भाषेत एकदाच अनुवाद करून ठेवतो, त्यामुळे त्याच आज्ञांचा अर्थ पुन्हा पुन्हा लावावा लागत नाही. मात्र चिपची रचना करणाऱ्यांना कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या छोट्या वेगवान मेमरीत, काय घडलं, कोणती आज्ञा कुठे अडली, हे सगळं हवं असतं. मिशिगन आणि विस्कॉन्सिन विद्यापीठांतल्या दोन प्रकल्पांच्या संगमातून २०११मध्ये आलेला जेम५ हा सिम्युलेटर असा तपशील देतो, पण फार सावकाश चालतो. म्हणून संशोधक आधी वेगवान पद्धतीने लिनक्स सुरू करून घेतात, त्या क्षणी यंत्राची संपूर्ण स्थिती फाइलमध्ये साठवतात आणि बारकाईचं मोजमाप तिथून पुढे सुरू करतात. प्रोसेसरमध्ये एखादा बदल करून पाहायचा, की पुन्हा त्याच फाइलपासून सुरुवात.