दुसरे धनुष्य घेताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आमची दाना ओली म्हणजे नागपुरात जशी लोहा ओळी तशीच. इथली जुनी मंडळी शिकारीचा विषय निघाला की शिवपुरीच्या जंगलातल्या संस्थानी शिकारींवर घसरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो शौक संपवला, हे बरेच झाले. ज्या जंगलात बंदुका वाजत, तिथे २०२३ मध्ये बाहेरून वाघ आणून सोडावे लागले!

आता घरात धनुष्य येते ते खेळासाठी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, आणि आमच्या घरातल्या नववीतल्या मुलीने तिरंदाजीचा हट्टच धरला. ती माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. गेल्या हिवाळ्यात निवड चाचणीत तिच्या धनुष्याची वरची पाती तडकली. दुसरे धनुष्य नव्हते. उरलेले बाण भात्यातच राहिले आणि पोरगी घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. दीर म्हणाले, ‘‘वहिनी, दुसरे घेऊ, पण स्वस्तातले बघा.’’ मी शाळेत खेळ शिकवते, म्हणून हे काम माझ्याकडे.

पहिला दुकानदार म्हणाला, बांबूचे घ्या, सगळ्यात स्वस्त. बांबूचे धनुष्य वाईट नाही. आपल्याकडे ‘इंडियन राउंड’च्या वेगळ्या स्पर्धा त्यावरच होतात आणि कित्येक मुले तिथूनच पुढे गेली. पण रिकर्व्हवर हात बसलेल्या मुलीला ऐन स्पर्धेत ते देणे म्हणजे सायकलवाल्याला टांगा हाकायला लावणे. दुसऱ्याने हलक्या पात्या दाखवल्या. किंमत मोहात पाडणारी, पण ओढ २२ पौंडांची, आणि हिच्या पात्यांवर आकडा २८ चा.

खरी गोम इथेच आहे. पातीवरचा आकडा २८ इंच ओढीचा असतो. हिची ओढ २६ इंच, म्हणजे इंचाला साधारण दोन पौंड कमी धरून हातात येतात २४. तिचे बाण त्याच जोरासाठी निवडलेले. जोर कमी झाला की तेच बाण ताठ ठरतात आणि उजव्या हाताच्या खेळाडूचे डावीकडे आणि खाली जाऊ लागतात. मग नवे बाण घ्या! स्वस्त धनुष्य असे महाग पडते.

म्हणून राखीव धनुष्य मुख्य धनुष्याचे जुळे भावंड हवे: लांबी तीच, पौंड तेच, दोरी बसवल्यावर मुठीपासून दोरीचे अंतर तेच. काटकसर करायची ती हँडलमध्ये. २५ इंची हँडलला मध्यम पात्या लावल्या की ६८ इंची धनुष्य होते, मग ते हँडल जुने असो वा नवे. बहुतेक कंपन्यांच्या पात्या आता एकाच पद्धतीच्या खोबणीत बसतात. खेळ सोडलेल्या एका मुलाचे हँडल आम्ही घेतले. पात्या मात्र नव्या, कार्बनच्या नव्हे, लाकूड-फायबरच्या. जुन्या पात्या मी घेऊ दिल्या नाहीत. पीळ पडलेली किंवा थर सुटू लागलेली पाती वरून ओळखू येईलच असे नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेल्या पात्यांचा डिंक सुटतो, आणि कुणी कौतुकाने बाण न लावताच दोरी ओढून सोडली तर एका झटक्यात पाती जाते. घरी पाहुणे आले की ही सूचना आधी द्यावी.

घेऊन कोपऱ्यात ठेवलेले दुसरे धनुष्य उपयोगाचे नाही. आठवड्यातून एक दिवस सराव त्याच्यावरच, आणि नेम धरण्याच्या काट्याचा प्रत्येक अंतराचा आकडा वहीत वेगळा लिहिलेला. राखीव दोरीसुद्धा वापरून थोडी ताणलेली हवी. कोरी दोरी सुरुवातीला लांबते.

सासूबाईंना एकाच पोरीला दोन धनुष्ये ही अजून चैन वाटते. दिरांचा हिशेब पुढे गेला आहे. बाण डझनभरच आहेत आणि त्यातले दोन वाकलेत.