गाडीचें तेल गळतें कोठून?

चैत्र सरत आला होता आणि रत्नागिरीकडील आमच्या मेहुण्यांच्या अंगणांत आंब्याच्या पेट्या रचण्याचें काम चाललें होतें. त्यांची पिकअप गाडी वीस वर्षांपलीकडची. चार सिलिंडरांचें डिझेल इंजिन, आणि दर हंगामांत कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गें पुण्यास पेट्या पोंचविणें हें तिचें ठरलेलें काम. त्या सकाळीं गाडी जरा पुढें घेतली तों सारविलेल्या जमिनीवर पुरणपोळीएवढा काळा डाग दिसला. गांवांतील मेस्त्री आला. त्यानें खालीं वाकून पाहिलें. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याशीं तेलाचा थेंब लोंबत होता. "दादा, क्रँकचें मागचें सील गेलें. गिअरबॉक्स उतरावा लागेल," असा निकाल देऊन तो हात पुसूं लागला.

सील ही वस्तु स्वस्त. परंतु तेथवर पोंचण्यास गिअरबॉक्स आणि क्लच दोन्ही काढावे लागतात. म्हणजे दोन दिवसांची खोटी. पिकूं लागलेला आंबा कोणाची वाट पाहत नाहीं. आणि तसेंच निघावें तर घाटांत तेल संपून इंजिन जाम होण्याची भीति.

मीं कांहीं वर्षें तंत्रनिकेतनांत इंजिनें शिकविलीं आहेत. शिकविणाऱ्याचे हात सहसा काळे होत नसतात, त्यामुळें मेस्त्रीपुढें बोलण्याचा संकोच वाटला. तरीहि एक शंका विचारल्यावांचून राहवेना: थेंब जेथून पडतो तेथूनच तेल निघतें, हें कशावरून ठरलें?

इंजिनाबाहेर आलेल्या तेलास दोन गति असतात. आपल्या भारानें तें खालीं उतरतें, आणि गाडी चालत असतां पंख्याच्या व रस्त्यावरील वाऱ्यानें मागें ढकललें जातें. म्हणून वर किंवा पुढें लागलेली गळती खालीं आणि मागें प्रकट होते. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील घंटेच्या आकाराचें कवच, ज्यास बेल हाउसिंग म्हणतात, तें तर या बाबतींत वाड्याच्या मोरीसारखें आहे. साऱ्या घराचें पाणी तेथें येतें. पण मोरी ओली दिसली म्हणून नळ तेथेंच फुटला असें कोणी म्हणत नाहीं. शोधणाऱ्यानें सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला भाग धुंडाळावा, हें या विद्येचें सूत्र होय.

गळतें तें इंजिनाचेंच तेल आहे ना, ही खात्री मात्र आधीं हवी. डिझेल इंजिनांतील तेल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काजळासारखें होतें. गिअरबॉक्सचें तेल तपकिरी राहतें आणि त्यास गंधकासारखा उग्र वास असतो. रेडिएटरचें पाणी बहुधा रंगीत असतें. ब्रेकचा द्रव गळत असेल तर गाडी जागची हलवूंच नये. आम्हीं पांढरा पुठ्ठा गाडीखालीं सरकवून तासभर वाट पाहिली. डाग काळा आणि बिनवासाचा निघाला.

पुढचें काम कंटाळवाणें, आणि बहुतेक ठिकाणीं तेंच टाळलें जातें. वर्षानुवर्षें तेल व धूळ बसून इंजिनावर जी पुटें चढतात त्यांतून नवी गळती ओळखणें अशक्य असतें. थंड इंजिन डिझेलनें व ब्रशानें घासलें, साबणाच्या पाण्यानें धुतलें आणि चिंध्यांनीं कोरडें केलें. त्यावर अंगाला लावण्याची पांढरी पावडर भुरभुरली. (आमच्या भगिनीनें नातवाचा डबा दिला तो कुरकुरतच.) मग पंधरा मिनिटें इंजिन चालूं ठेवलें. फिरत्या पट्ट्यापाशीं पदर, सदऱ्याची बाही वा हात नेऊं नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींहि शिरूं नये. खालीं भक्कम स्टँड हवेतच.

पावडरीवर तेलाची रेघ उमटते ती पुष्कळ कांहीं सांगते. तेलाच्या दाबाचा स्विच किंवा फिल्टर यांपाशीं तेल दाबाखालीं असतें. तेथील गळती इंजिन चालतांना वेगानें वाहते व बंद केल्यावर थांबते. फिल्टर बदलतांना जुन्याची रबरी कडी इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा बसविला, तर गळती हटकून लागते. पुढचें सील गेलें असेल तर क्रँकची कप्पी तेलाचे शिंतोडे वर्तुळाकार उडविते. खालच्या चेंबरचें पॅकिंग मात्र गाडी उभी असतांहि ठिबकत राहतें.

आमची रेघ आली टॅपेट कव्हरच्या मागल्या कोपऱ्यांतून, म्हणजे अगदीं माथ्यावरून. तेथून ती इंजिनाच्या पाठीमागें उतरून बेल हाउसिंगवर जात होती. मेस्त्रीनें बोट लावून पाहिलें व तो मनमोकळेपणें हंसला. कव्हरचें पॅकिंग उष्णतेनें लाकडासारखें कडक झालेलें होतें.

पण तेवढें बदलून थांबणें मला पटेना. पिस्टनच्या कड्यांवरून थोडा वायु खालीं निसटतोच, आणि तो बाहेर जावा म्हणून ब्रीदर पाइप असतो. तो तुंबला कीं इंजिनाच्या पोटांत दाब वाढतो, आणि जो सांधा दुबळा असेल त्यांतून तेल बाहेर पडतें. अशा इंजिनास कितीहि नवीं पॅकिंगें घाला, तीं टिकत नाहींत. तेल भरण्याच्या तोंडावरील टोपण काढून चालत्या इंजिनावर कागद धरला तो फडफडून उडाला. पाइप काढून पाहिला तर आंत काळा गाळ घट्ट बसलेला. तो साफ केल्यावर कागद नुसता थरथरूं लागला. पाइप मोकळा असूनहि धुराचे जोरदार फुत्कार आले असते, तर कड्या झिजल्या असें समजून मोठ्या खर्चाची तयारी करावी लागली असती.

मेस्त्रीची पहिली शंका वेडगळ नव्हती. मागचें सील खरोखरच जातें. तेव्हां वरचा भाग कोरडा राहून केवळ बेल हाउसिंगच्या तळांतून तेल येतें, आणि तें क्लचवर गेल्यास चढावर क्लच घसरूं लागतो. ही सीलची कडी मूळची चामड्याची, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. जर्मनींतील वाइनहाइम येथील फ्रॉयडेनबर्ग हा कारखाना चामडें कमाविण्याचा. १९३० च्या आसपास त्यानें यंत्रांसाठीं चामड्याचीं सीलें करावयास घेतलीं, आणि कृत्रिम रबर पुढें आलें.

पॅकिंग तालुक्याच्या गांवीं मिळालें. दुपारीं तीनच्या सुमारास पेट्या चढवून गाडी निघाली. कऱ्हाडास थांबून मेहुण्यांनीं तेलाची कांडी पाहिली. तेल सकाळच्याच खुणेवर होतें. तो पुठ्ठा ते आतां रोज रात्रीं गाडीखालीं सरकवितात. त्यावर आठवड्यास एखाद-दुसरा थेंब अजून पडतो. तो कोठला, हें पाहण्यास त्यांना पावसाळ्यांत सवड मिळेल.