अडलेल्या गणितासाठी एक टेबल

गणिताची भीती दहावीबरोबर संपली, असं आपण धरून चालतो. मुलीनं कला शाखा घेतली की घरातलेही म्हणतात, ‘सुटलीस बाई!’ पण एम. ए.ला मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेतलं की तेच गणित ‘संख्याशास्त्र’ हे नाव लावून पुन्हा दारात उभं! नर्सिंगच्या मुलींचीही तीच गत. २ मिलीलीटरमध्ये १०० मिलीग्रॅम औषध आहे, पेशंटला ७५ द्यायचंय, तर सिरिंजमध्ये किती घ्यायचं? दीड मिलीलीटर. इथे चुकलं तर नुसते मार्क जात नाहीत, कुणाच्या तरी जिवावर बेततं.

हे अडणं फक्त आपल्याकडचं नाही बरं का. इंग्लंडमध्ये इंजिनिअरिंगला येणाऱ्या मुलांचंच गणित कच्चं निघू लागलं होतं. कॉव्हेंट्री विद्यापीठानं १९९१ मध्ये मोफत गणित मदत केंद्र काढलं, लफबरो विद्यापीठानं १९९६ मध्ये. २००५ मध्ये सरकारी निधीतून दोघांनी मिळून ‘सिग्मा’ केंद्र उभं केलं. सिग्मा म्हणजे बेरजेचं ते वाकडंतिकडं चिन्ह, जे बघून पोटात गोळा येतो! पुढे हे लोण इतर विद्यापीठांतही पसरलं.

मला आवडली ती त्यांची पद्धत. फी नाही, आधी नाव नोंदवायचं नाही, तू कुठल्या शाखेची ही चौकशी नाही. केंद्र उघडं असेल तेव्हा जायचं, टेबलाशी बसायचं, वही उघडायची. शिक्षक फिरत फिरत येतात, ‘कुठे अडलं?’ विचारतात. गृहपाठ सोडवून देत नाहीत. अडलेली पायरी ओलांडायला मदत करतात नि पुढच्या टेबलाकडे वळतात. प्रबंधाची आकडेवारी असेल तर वेळ घेऊन सविस्तर बसता येतं.

आपल्याकडेही अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७ ते २०१२) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मदतीनं मागास व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ‘रेमेडियल’ वर्ग चालत. हेतू चांगलाच, पण नाव बघा, उपचाराचं! जणू मुलीला काही आजार झालाय. तिकडच्या केंद्रात हुशार मुलंही येतात, सत्तरचे ऐंशी करायला, त्यामुळे तिथे दिसण्यात कमीपणा राहत नाही. तरीसुद्धा ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यातली बरीच मुलं येत नाहीत, असं तिथल्या अभ्यासकांना आढळलं. कारणं आपल्या ओळखीचीच. लाज, भीती, आणि केंद्र नेमकं कुठे आहे हेच माहीत नसणं.

आमच्या गावातली एक मुलगी या एका पेपरपायी एम. ए. सोडायला निघाली होती. क्लास शहरात. एसटीचं भाडं वेगळं, फी वेगळी, त्यात घरी स्थळं बघणं सुरू. मुलगा अडला की क्लास लागतो. मुलगी अडली की ‘राहू दे, नाही जमत तर’! तिचं अडलं होतं प्रमाण विचलनापाशी. गणिताच्या एका निवृत्त बाईंनी तिला पोळ्यांवरून समजावलं. दोन घरी रोजच्या पोळ्यांची सरासरी दहाच. पण एकीकडे रोज बरोबर दहा, दुसरीकडे कधी पाच, कधी पंधरा. सरासरीपासून आकडे किती पांगलेत, ते सांगणारं माप म्हणजे प्रमाण विचलन. दोन महिने ती बाईंकडे येत राहिली, पेपर निघाला.

आता त्या बाई दर शनिवारी चार ते सहा वाचनालयातल्या मागच्या टेबलाशी बसतात. फळ्यावर ‘कच्च्या विद्यार्थिनींसाठी’ असं लिहायचं कुणीतरी सुचवलं होतं. आम्ही लिहिलं, ‘गणित, संख्याशास्त्र. कुणीही या.’ गेल्या शनिवारी चौघी होत्या. त्यातली एक फर्स्ट क्लासवाली.