पुढच्या अपडेटकडे मराठीचे मागणे

नाशिक जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांपैकी संगणकाची खरी परीक्षा घेतो तो त्र्यंबकेश्वर. वाचणाऱ्याला या नावात पाच अक्षरे दिसतात: त्र्यं, ब, के, श्व आणि र. संगणकाच्या स्मृतीत मात्र तेरा खुणा ओळीने साठवलेल्या असतात. त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार या त्यातल्या पहिल्या सहा, आणि त्या सहा मिळून फक्त पहिले जोडाक्षर होते. कोणती खूण कुठे चिकटवायची, र कोणत्या रूपात घ्यायचा, अनुस्वार नेमका कोणाच्या डोक्यावर द्यायचा, हे ऑपरेटिंग सिस्टिम आणि फॉन्ट मिळून ठरवतात, तेही बोट कळीवरून उचलायच्या आत.

हा प्रकार घरी करून पाहण्यासारखा आहे. कर्सर ‘त्र्यं’च्या पुढे ठेवून बॅकस्पेस दाबले की फक्त अनुस्वार जातो. आणखी एकदा दाबले की य जातो. पण कर्सर त्याच अक्षराच्या अलीकडे ठेवून डिलीट दाबले, तर विंडोजमधल्या बहुतेक प्रोग्रामांत अख्खे जोडाक्षर एका फटक्यात नाहीसे होते. जोडाक्षर हे एकच अक्षर मानायचे की तीन, यावर प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक प्रमाणसंस्थेचेही बराच काळ ठरत नव्हते. देवनागरी जोडाक्षर मध्ये तोडू नये, हा नियम युनिकोडच्या मजकूर-विभाजनाच्या नियमांत आला तो १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये. त्र्यंबकेश्वराचे पहिले अक्षर एकसंध आहे, हे मान्य व्हायला युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून बत्तीस वर्षे लागली.

नव्या विंडोजकडून काय हवे, असे विचारले की गोल कोपऱ्यांच्या खिडक्या, नवा स्टार्ट मेनू, कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस अशा गोष्टींची चर्चा होते. मराठीत काम करणाऱ्याच्या मागण्या याहून साध्या असतात. आजवर त्यातल्या ज्या पूर्ण झाल्या, त्या अशाच एखाद्या अपडेटच्या पोटातून, फारसा गाजावाजा न होता आल्या.

विंडोज २००० च्या आधी सामान्य संगणकावर मराठी म्हणजे एक सोंग होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट असत. संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच होती, म्हणून दुसऱ्या यंत्रावर तोच फॉन्ट नसला की लग्नपत्रिकेचा मजकूर म्हणजे नुसती गिचमिड. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने देवनागरी खऱ्या अर्थाने ओळखली. तिच्यासोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला. पुढच्याच वर्षी एक्सपी आली, पण तिच्यात ही सोय आयती सुरू नव्हती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिपींच्या चौकटीत खूण करायची, मग यंत्र मूळ सीडी मागायचे. सीडी कपाटात सापडली तर मराठी, नाहीतर पडद्यावर रिकामे चौकोन.

डीटीपीच्या दुकानांत मात्र जुने फॉन्ट टिकले, आणि त्याचा दोष दुकानदारांना देणे योग्य नाही. पाने लावायच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची नीट जुळणी करण्याची सोय २०१२ च्या सीएस६ या आवृत्तीपर्यंत नव्हती. ऑपरेटिंग सिस्टिम शहाणी झाली तरी वरचा प्रोग्राम अडाणी राहिला, तर हाती काहीच पडत नाही.

अपडेटची करामत सगळ्यात स्पष्ट दिसली ती रुपयाच्या चिन्हात. आयआयटी मुंबईत घडलेले उदयकुमार यांचे ₹ हे चिन्ह जुलै २०१० मध्ये केंद्र सरकारने स्वीकारले. ऑक्टोबरात त्याला युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत जागा मिळाली, आणि मे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ व व्हिस्टासाठी एक लहानसे अपडेट दिले. इंग्लिश (इंडिया) कळफलकावर उजवी ऑल्ट आणि ४ ही कळ दाबली की चिन्ह हजर. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्या गावातल्या हिशेबनिसालाही पावतीवर ₹ उमटवण्यासाठी या अपडेटची वाट पाहावी लागली. एक्सपीला ते मिळालेच नाही, आणि तेव्हा दुकानोदुकानी एक्सपीच चालत होती.

मे २०१९ चे विंडोज १० चे अपडेट मला त्याहून मोलाचे वाटते. त्यात मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कळफलक आले. रोमन अक्षरांत ‘नाशिक’ लिहिले की देवनागरी उमटू लागले. त्याच अपडेटने होम आवृत्ती वापरणाऱ्यांना, एका वेळी सात दिवस असे करत पस्तीस दिवसांपर्यंत अपडेट थांबवण्याची मुभा दिली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवणाऱ्याला आणि बिल छापता छापता यंत्र रीस्टार्ट झालेल्या दुकानदाराला तिची किंमत वेगळी सांगायला नको. टायपिंगच्या संस्थेत ज्यांची बोटे रेमिंग्टन मांडणीवर बसली आहेत, त्यांची झोळी मात्र रिकामीच राहिली. विंडोजसोबत मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक या मांडण्या येतात, रेमिंग्टन बाहेरून आणून बसवावी लागते.

आता उरलेले. मराठी वर्णमालेत ळ येतो ह नंतर, आणि त्याच्याही मागे क्ष, ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ ल च्या शेजारी बसला आहे. त्यामुळे निव्वळ क्रमांकांवर यादी लावली की कळवण आधी येते आणि निफाडजवळचे कसबे सुकेणे नंतर. मराठी कोशाच्या रिवाजाने हे उलटे हवे. मराठीचा खरा अनुक्रम युनिकोडच्याच भाषाविषयक माहितीसाठ्यात नोंदलेला आहे. प्रोग्रामने तो वापरायचा तेवढा बाकी आहे. शोधाची तऱ्हा याहून वाईट. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, आणि आजही अनेकजण तसेच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला निराळे. ‘बँक’ हा शब्द कोणी चंद्रबिंदूने लिहितो, कोणी चंद्र आणि अनुस्वार वेगवेगळे देतो. एका पद्धतीने लिहिलेले दुसऱ्या पद्धतीने शोधले तर सापडेलच असे नाही. नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे शिक्षण १९८९ पासून घरबसल्या वाचनावर उभे आहे. तिथला विद्यार्थी असा शोध घेतो आणि ती माहिती नाहीच असे समजून पुढे जातो, हे नुकसान लहान नाही.

अक्षरांच्या रूपाचेही तसेच. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल ठरवून दिला. आधुनिक फॉन्टमध्ये मराठीची निराळी रूपे ठेवण्याची सोयही असते, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामने फॉन्टला सांगावे लागते. ते सांगितले जात नाही आणि हिंदी वळणाची अक्षरे पुढे येतात. मग २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रज म्हणजेच शिरवाडकर यांच्या जन्मदिनी, त्यांच्याच नाशिकमधल्या फलकावर ‘शिरवाडकर’मधला श हिंदी वळणाचा झळकतो.

आणि सगळ्यात मोठी मागणी लिपीची नाहीच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. शाळेच्या प्रयोगशाळेतले धडधाकट यंत्र केवळ एका चिपअभावी बाद ठरावे, हे मला पटत नाही. देशातल्या जिल्हा न्यायालयांत उबुंटू लिनक्सवर वर्षानुवर्षे कामकाज चालले आहे. जुन्या यंत्रांना हा रस्ता मोकळा आहे, मराठी टंकलेखन तिथेही होते.

तक्रार कुठे करायची हेही सांगून ठेवतो. विंडोज १० किंवा ११ मध्ये विंडोजची कळ आणि एफ एकत्र दाबली की फीडबॅक हब उघडते. तिथे ‘मराठी नीट चालत नाही’ एवढेच लिहून उपयोग नाही. कोणता प्रोग्राम, कोणता शब्द, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, हे चित्रासह द्या. तीच तक्रार आधी कोणी केली असेल तर नवी न लिहिता तिला मत द्या. हे काम मराठी वाचणाऱ्यानेच करायचे आहे.