सुटे अंक आणि बांधीव ग्रंथ

या विषयाचे नाव वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. चित्रकथा ही पोरासोरांची वस्तू. तिच्यावर वडीलधाऱ्यांपुढे बोलण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु हा विषय मला सुचला तो एका अगदी व्यावहारिक पेचातून. आपल्याकडच्या एका लहानशा वाचनालयाला कोणा सद्गृहस्थाने महाभारताच्या चित्रकथेचे तीन जाड, पुठ्ठाबांधणीचे खंड भेट दिले. त्याच वाचनालयाच्या खालच्या फळीवर याच कथेचे जुने, कोपरे दुमडलेले सुटे अंक पडून होते. तेव्हा प्रश्न निघाला, की ग्रंथ आला, आता हे अंक रद्दीत घालावेत काय? मला विचारण्यात आले. मी उत्तरासाठी आठ दिवसांची मुदत मागितली आणि त्या आठ दिवसांत तिन्ही खंड पुन्हा वाचून काढले.

प्रथम ही चित्रकथा कोणती ते सांगतो. अनंत पै यांनी १९६७ साली मुंबईत 'अमर चित्र कथा' ही माला सुरू केली. तिचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकराव्या अंकात राम वाईरकरांनी चितारलेला कृष्ण आला आणि मालेला तिचा खरा मार्ग सापडला. पुढे भीष्म, द्रौपदी, कर्ण, अभिमन्यू अशा व्यक्तींवर स्वतंत्र अंक निघाले. मात्र संपूर्ण महाभारत क्रमाने सांगण्याचे काम १९८५ साली हाती घेण्यात आले. ते ४२ अंकांत पुरे झाले, आणि त्याची चित्रे दिलीप कदम यांनी काढली. एकेक अंक ३२ पानांचा. म्हणजे सारी मिळून १३४४ पाने झाली. हेच अंक पुढे तीन खंडांत बांधून निघाले.

आता कोणी म्हणेल, चित्रे तीच, शब्द तेच. मग सुटे वाचले काय आणि एकत्र वाचले काय, फरक तो कोणता? फरक आहे, आणि तो आपल्या आजीला ठाऊक होता. पोथी ही मुळात सुट्या पानांचीच असे. दोन फळ्यांमध्ये पाने ठेवून वर बासन गुंडाळलेले असे. चातुर्मासात श्रीधरांचा पांडवप्रताप लागला, की रोज थोडा भाग वाचला जाई आणि पोथी पुन्हा बासनात जाई. उरलेला दिवस ऐकणाऱ्यांचा. विहिरीवर, ओट्यावर, कापसाच्या गाडीवर बसून ते त्या कथेचा कीस काढीत. पोथीकारांनाही हे माहीत होते. म्हणून नव्या अध्यायाच्या आरंभी ते मागल्या कथेची आठवण करून देतात. सलग पारायणाला बसणाऱ्यास ही आठवण अनावश्यक वाटते. रोज थोडे ऐकणाऱ्यास तिच्यावाचून चालत नाही.

चित्रकथेचेही तसेच आहे. ती किती दिवसांनी हाती येते, यावर तिची घडण ठरते. याचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार रोजच्या पट्टीचा. १९९१ साली 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' सुरू झाला. त्याची गंमत दोन-चार चौकटींत त्याच दिवशी संपते. अशा पट्ट्यांचे पुस्तक हाती आले तर एका बैठकीत शंभर वाचू नयेत. लाडू कितीही चांगला असला तरी डबाभर खाल्ल्यावर त्याची चव कळेनाशी होते.

दुसरा प्रकार आठवड्याच्या हप्त्याचा. बेल्जियममधील एर्जे या चित्रकाराचा टिनटिन १० जानेवारी १९२९ पासून एका वृत्तपत्राच्या बालपुरवणीत येऊ लागला. आठवड्याला पाने मिळत दोन. मुलांनी पुढचा अंक हट्टाने मागावा, म्हणून हप्ता संपता संपता नायक काही तरी संकटात सापडे. ते हप्ते एकत्र वाचताना दर दोन पानांआड गाडीला धक्का बसल्यासारखे होते. पुढे एर्जेने आपल्या जुन्या कथा पुन्हा चितारल्या आणि ६२ पानांच्या रंगीत पुस्तकांत बसविल्या. ग्रंथाची चाल हप्त्याच्या चालीहून निराळी असते, हे त्याने ओळखले होते.

तिसरा प्रकार आपल्या महाभारताचा. येथे प्रत्येक अंक ३२ पानांचा, स्वतःपुरता एक प्रसंग पुरा करणारा, तरीही पुढच्या अंकाकडे बोट दाखविणारा. हा प्रकार सुटा वाचूनही समाधान देतो. धोका आहे तो इथेच. एखादा अंक हुकला, तरी काही हुकले असे वाचकास वाटतच नाही.

माझे तसेच झाले. बाबा कामानिमित्त नांदेडला जात, ते संध्याकाळच्या पॅसेंजरने उमरीला परत येत. त्यांच्या पिशवीत अधूनमधून एखादा अंक असे. दादा आधी वाचे, मग मी. द्यूतसभेचा अंक मात्र दादाने वाचला, आणि माझी पाळी येण्याआधीच आमचा एक मामेभाऊ तो घेऊन गेला. तो परत आला नाही. पुढचा अंक आला तेव्हा पांडव वनात निघालेले होते. माझ्या बालबुद्धीने हिशेब सोपा केला : धर्मराज जुगार खेळला, हरला, शिक्षा झाली. जुगार वाईट. संपले. २ ऑक्टोबर १९८८ पासून दूरदर्शनवर महाभारत सुरू झाले. द्यूताचा रविवार आला, तेव्हा आमच्या आळीतली वीज गेलेली होती!

मोठेपणी हे तीन खंड सलग वाचताना तो प्रसंग माझ्यासमोर आला. भर सभेत द्रौपदी विचारते, की धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? स्वतःच दास झालेल्या पुरुषाला मला पणाला लावण्याचा अधिकार कोणी दिला? सभेत भीष्म आहेत, द्रोण आहेत. उत्तर कोणाजवळ नाही. कौरवांतला एकटा विकर्ण तिच्या बाजूने उभा राहतो. त्याच विकर्णाला पुढे रणांगणावर भीम मारतो, कारण त्याची प्रतिज्ञा सगळ्या शंभरांची होती. सुट्या अंकांत या दोन प्रसंगांमध्ये महिनेच्या महिने गेले असतील. ग्रंथात मला बोट घालून पान मागे उलटता आले. तेव्हा कळले, की इतकी वर्षे मी महाभारताला जुगाराविरुद्धचा एक धडा समजत होतो. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणाऱ्या सभेची ती कथा आहे, हे माझ्या ध्यानीच आले नव्हते.

ग्रंथाचा पहिला मोठा गुण हा. तो काही हुकू देत नाही आणि मागे वळून पाहू देतो. एकेकट्या व्यक्तींच्या अंकांत जो तो नायक असतो. कर्णाचा अंक वाचला की कर्ण खरा, अभिमन्यूचा वाचला की अभिमन्यू. सलग ग्रंथात साऱ्यांना एकाच तराजूत बसावे लागते.

दुसरा गुण टिकाऊपणाचा. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहते. ते उजेडाने आणि हवेने पिवळे पडते, आणि कागदातील आम्लामुळे पान ठिसूळ होते. त्यातून सुट्या अंकाला मधोमध दोन तारा टोचलेल्या असतात. आपल्या पावसाळ्यात त्या गंजतात आणि मधले पान पहिल्याने निखळते. चांगल्या बांधणीत फर्मे दोऱ्याने शिवून पाठीला कापड लावतात. असे पुस्तक हातोहात फिरूनही टिकते.

पण ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. जाड पुस्तक पुरते उघडत नाही. दोन पाने व्यापणारे युद्धाचे चित्र मधल्या खाचेत गडप होते. सुटा अंक जमिनीवर सपाट पसरता येतो, पोटावर पालथे पडून वाचता येतो. शिवाय, दोन अंकांमधला जो काळ ग्रंथ पुसून टाकतो, तोच आमचा होता. दादा आणि मी तेव्हा पुढे काय होईल यावर पैजा लावीत असू. ती वाट पाहणे कोणत्याही खंडात बांधता येत नाही.

आणि शेवटचा हिशेब सर्वांत साधा. तीन खंड एका वेळी तीन मुलांच्या हाती जातात. ४२ सुटे अंक ४२ मुलांच्या हाती जातात. ती मुले अंकांची अदलाबदल करतात आणि त्या निमित्ताने एकमेकांशी बोलतात.

आठ दिवसांनी मी वाचनालयाला उत्तर दिले ते असे : खंड कपाटात ठेवा आणि तेथेच बसून वाचू द्या. सुटे अंक रद्दीत घालू नका. निखळलेली पाने दोऱ्याने शिवा, अंकांवर अनुक्रमांक घाला आणि या उन्हाळी सुट्टीत मुलांना घरी नेऊ द्या. जो अंक परत येणार नाही, तो कोणता याची नोंद मात्र वहीत ठेवा. त्या मुलाच्या पाठच्या भावंडाला बोलावून कपाटातल्या ग्रंथातील तेवढी ३२ पाने उघडून दाखवा. त्याने माझ्यासारखी तीस वर्षे थांबू नये.