बावन्नातून सत्तावीस

दुसरीतल्या मुलांना ५२ वजा २७ अशी उभी मांडणी करून द्या. वर्गातली काही मुलं हमखास ३५ लिहितात. आपण म्हणतो, धांदरटपणा केला, हातचा विसरला. पण हा धांदरटपणा नसतो. एककाच्या घरात वर २ आणि खाली ७ आहेत. मोठ्या संख्येतून लहान वजा करायची, हे मुलानं पक्कं शिकलेलं असतं. म्हणून ते सातातून दोन काढतं, पाच लिहितं. मग पाचातून दोन काढतं, तीन लिहितं. त्यानं नियम अगदी नेमानं पाळलेला असतो. अडचण एवढीच, की त्याला समोर बावन्न दिसतच नाहीत. दिसतात ते एक पाच आणि एक दोन.

याच मुलाला विचारा, ‘तुझ्याकडे बावन्न रुपये होते, सत्तावीसचा खाऊ घेतलास, किती राहिले?’ पुष्कळदा ते थोडा वेळ पुटपुटतं आणि पंचवीस सांगतं. तोंडी हिशेब एकीकडे, वहीतलं गणित दुसरीकडे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब मनातल्या मनात चोख करत होती. पण शाळेच्या रीतीनं मांडलेली साधी गणितं त्यांच्यातल्या बहुतेकांना सुटली नाहीत. आणि बाजारात काम न करणारी, शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशेबाशी अडखळली. या दोन्ही गोष्टी जोडून देणं हेच प्राथमिक शिक्षकाचं खरं काम आहे.

त्यासाठी खराट्याच्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड पुरतात. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मुलानं स्वतः बांधायचे. तयार गठ्ठे हातात दिले तर त्यातल्या दहा काड्यांवर त्याचा विश्वास बसत नाही. ते पुन्हा मोजत बसतं. बावन्न म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. आता म्हणायचं, ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ मूल दोन गठ्ठे देतं, दोन सुट्या देतं आणि थबकतं. अजून पाच हव्या आहेत आणि जवळ सुटी काडी एकही नाही. इथं मोठ्या माणसानं गप्प राहायचं. शिकवणाऱ्याला हेच सगळ्यांत जड जातं. थोड्या वेळानं मुलाचा हात रबराकडे जातो, गठ्ठा सुटतो, त्यातल्या पाच काड्या ते देतं. समोर दोन गठ्ठे आणि पाच सुट्या राहतात.

मुलानं सुरुवात दशकापासून केली, हे लक्षात घ्या. आपल्या लेखी रीतीच्या अगदी उलट, आणि तरीही बिनचूक. एकदा हे झालं की विचारायचं, ‘गठ्ठा आधीच सोडला असतास तर?’ मग चार गठ्ठे आणि बारा सुट्या होतात. बारातून सात गेल्या, पाच राहिल्या. चारातून दोन गेले, दोन राहिले. हे होताना शेजारी वहीत लिहीत जायचं: ५ खोडून ४, आणि २ च्या जागी १२. आता ती खाडाखोड म्हणजे मुलाच्या स्वतःच्या हातानं सोडलेला गठ्ठा असतो.

‘शेजाऱ्याकडून एक उसना घेतला’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. कुणी कुणाकडून काही घेतलेलं नाही, आणि घेतलाच तर तो एक नाही, दहा आहेत. ५२ चे ४० आणि १२ असे भाग केले, इतकंच.

काही घरांत आजी-आजोबा वेगळी रीत सांगतात: बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. आई गोंधळते, शाळेत असं नाही म्हणते. ही रीतही बरोबर आहे. तिच्यात वरच्या संख्येत दहा सुटे मिळवलेत आणि खालच्या संख्येत एक दशक. म्हणजे ५२ वजा २७ ऐवजी ६२ वजा ३७ झालं. बहीण-भावाच्या वयातलं अंतर दहा वर्षांनीही तेवढंच राहतं, तसा इथला फरकही पंचवीसच राहतो. फक्त मुलाला एका वेळी एकच रीत दाखवावी, दुसरी काही महिन्यांनी.

मराठी संख्यानामांचा अडथळाही यात असतो. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतात, लिहिताना दोन आधी येतो. म्हणून २७ चे ७२ होतात. एकोणतीसमध्ये तर नऊ ऐकूच येत नाहीत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता, आणि गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली होती. मुलाला सत्तावीस यायलाच हवेत, व्यवहार त्यावरच चालतो. पण गठ्ठे मोजताना ‘वीस आणि सात’ म्हणायला मला काहीच हरकत दिसत नाही.

आता बारातून सात. हे बोटं न मोजता यायला हवं, नाहीतर मोठ्या गणितात मुलाचं सगळं लक्ष बोटांवरच जातं. १ ते ९ यांच्या आपापसातल्या बेरजा ८१ होतात; पाच-तीन आणि तीन-पाच एकच धरले तर उरतात ४५. त्यांत दहाच्या जोड्या सगळ्यांत मोलाच्या: नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच. त्या जिभेवर बसल्या की आठ आणि पाचचं काम सोपं होतं: आठला दोन दिले, दहा झाले, तीन राहिले, तेरा. बारातून सातही तसंच: आधी दोन काढले, दहा राहिले, मग पाच काढले, पाच राहिले. सहा अधिक सात करताना सहाच्या दुपटीत एक मिळवला की झालं.

पाढ्यांनाही हेच लागू. पाठ असावेत, नक्की असावेत. पण सात गुणिले आठ विचारल्यावर ‘सात एके सात’पासून सुरुवात करणाऱ्या मुलाला पाढ्याची चाल येते, गुणाकार येत नाही. चौकटीच्या वहीत प्रत्येकी आठ घरांच्या सात ओळी रंगवायला सांगा. पाच ओळींची घरं चाळीस, उरलेल्या दोन ओळींची सोळा, मिळून छप्पन्न. वही आडवी फिरवली की आठ सत्ते. २ ते ९ च्या पाढ्यांत या संख्यांचे आपापसात ६४ गुणाकार आहेत, उलटसुलट एक धरले तर ३६. बे आणि पाचाचा पाढा मुलाला लवकर येतो. ते वगळले की २१ राहतात. नऊपट म्हणजे दहापटीतून एकपट कमी, हे कळलं की फक्त १५. एवढं पाठांतर कुठल्याही मुलाला झेपतं.

पालकांना आणि शिक्षकांना एक विनंती. ‘कसं काढलंस?’ हे उत्तर बरोबर आल्यावरही विचारा. फक्त चुकल्यावर विचारलं तर मूल प्रश्न ऐकताच उत्तर खोडायला लागतं. आणि उभी मांडणी महिनाभर उशिरा आली तरी चालेल. आधी काड्या मुलाच्या हातात द्या.